चवथीआधीचा आठवडा: गोधडी, मखराचा पडदा आणि कापडाची माटोळी

आबोली_डिचोली (सोमवार, रात्री)

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली, पाऊस हटायचं नाव घेत नाही, आणि पेटाऱ्यातली सासूबाईंची लुगडी या वर्षी एकदाची बाहेर काढली. या आठवड्याचा बेत असा आहे: सुती लुगड्यांची हातटाक्याची एक गोधडी, मखराच्या मागचा नवा पडदा, आणि माटोळीला, म्हणजे देवाच्या डोक्यावर फळं टांगतात त्या चौकटीला, बांधायची कापडाची फळं. फळांवरून भांडण होणार हे ठाऊक आहे. ते गुरुवारी करू, आधी गोधडी.

गोव्यातल्या गोधडीबद्दल माझं मत ठाम आहे: ती पातळच हवी. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेलाही पारा विसाच्या आसपासच घुटमळतो. यूट्यूबवर बघून आत जाड पॉलिएस्टर भरलेली गोधडी मी दोन घरांत बघितली आहे, दोन्हीकडे ती कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. पॉलिएस्टर वाळतं लवकर, पण अंगावर घेतली की घाम फुटतो. कापूस भरला तर पावसाळ्यात आतून ओल जात नाही आणि महिन्याभरात कुबट वास सुटतो. म्हणून आत भरण काहीच नाही. थरावर थर सुती कापड, वर धावदोरा.

हिशेब सांगते, दर वेळी कोणीतरी विचारतंच. नऊवारी म्हणजे ३२४ इंच. आडवे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा ८१ इंचांचा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ इंच धरा. दोन तुकडे शेजारी जोडले की ८१ बाय ९० चा एक थर. म्हणजे एका लुगड्यात दोघांच्या गोधडीचे दोन थर निघतात. काठ उसवून बाजूला ठेवायचे, ते शेवटी कामाला येतात. माझ्याकडे धड अशी तीन लुगडी आहेत. एकाचे दोन थर आत, एकाचा एक थर खाली, आणि उरलेल्याचे चौकोन वर. पदराजवळचं कापड सगळ्यात कमी विरलेलं असतं, ते चौकोनांना घ्या. निऱ्यांचा आणि मागचा भाग आत जाऊ दे.

---

काजूबी (सोमवार, रात्री)

आबोलीताई, आत्ताच बरं झालं विचारायला मिळालं. माझ्याकडे जुनी लुगडी नाहीत हो, आईच्या सगळ्या साड्या सिंथेटिक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुती कटपीस आणले तर चालतील का? आणि चौकोन केवढे कापायचे?

---

आबोली_डिचोली

चालतील की. फक्त कापायच्या आधी धुवून घे. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि प्रत्येक कापड वेगवेगळं आटतं. न धुता शिवलं तर पहिल्याच धुण्यात गोधडीला फुगे येतात. गडद लाल, निळा, काळा वेगळ्या बादलीत भिजव. पांढरा ओला रुमाल दाबून बघ, रंग लागला तर आणखी एकदा धू.

चौकोन तयार सहा इंचांचा हवा असेल तर साडेसहाचा काप, चारही बाजूंनी पाव इंच शिलाईत जातं. ६० बाय ८४ इंचांच्या एकेरी गोधडीला रुंदीत दहा आणि लांबीत चौदा, म्हणजे १४० चौकोन. ३६ पन्ह्याच्या एका मीटरमध्ये कागदावर ३० बसतात, पण कापड कधी सरळ नसतं. पंचवीसच धर.

---

शिंपीदादा_फोंडा

थोडी भर घालतो, वडिलांचं दुकान होतं म्हणून. कात्रीने कापायच्या आधी कापडाचा एक आडवा धागा ओढून काढा. जिथे धागा निघतो तिथे बारीक रेघ दिसते, ती सरळ. काठाच्या भरवशावर राहू नका, इस्त्री करताना काठ ओढला गेलेला असतो. जुनं लुगडं असेल तर फाडा, कापू नका. आडवं फाडलं की ते आपोआप धाग्यात फाटतं.

आणि विरलेलं कापड ओळखायचं तर खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणा. चर्र आवाज आला तर ते वरच्या थराला घेऊ नका, आत ढकला.

---

तेरेखोल

एवढा खटाटोप कशाला? रजई ऑनलाइन येते, तीन दिवसांत दारात.

---

काजूबी

मग या धाग्यावर कशाला आलात, तेरेखोलबाब? 😄

---

तेरेखोल

बायको वाचते, तिच्या खांद्यावरून मीही वाचतो. बरं, गप्प बसतो.

---

हल्याळची_पाहुणी (मंगळवार)

मी सध्या पणजीत, माहेर कर्नाटकात हल्याळकडे. आमच्या बाजूला सिद्दी बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. सिद्दी लोक मूळचे आफ्रिकेचे. पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून त्यातले बरेच गोव्यात आणले गेले, आणि पळून घाट चढून यल्लापूर-हल्याळच्या जंगलात वस्ती करून राहिले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत, कवंदी मात्र तिन्ही घरांत होते.

त्यांची पद्धत आबोलीताईंच्या उलट आहे. आधी चौकोन जोडून मग खाली अस्तर असं नाही. खाली एक जुनी साडी पसरतात, एका कोपऱ्यातून सुरू करतात, कड आत दुमडून त्यावर तुकडा ठेवतात आणि धावदोरा घालत कडेकडेने पुढे जातात. चारही बाजू फिरून झाल्या की दुसरी फेरी आत, मग तिसरी, असं करत मध्यावर येऊन संपतं. मशीन नाही, मोजमाप नाही, तुकडा हाताला येईल तसा. वर टाका दिसतो तो सगळा त्या फेऱ्यांचा असतो. आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाचे दुमडलेले छोटे त्रिकोण शिवतात, त्याला फुला म्हणतात. फुला नसली तर कवंदी अपुरी, असं त्या बायका मानतात.

ज्यांच्याकडे मशीन नाही किंवा मोठी जागा नाही त्यांनी हे करून बघा. मांडीवर घेऊन होतं, जमिनीवर पूर्ण पसरावं लागत नाही.

---

आबोली_डिचोली

हे फार उपयोगाचं सांगितलंस. आमच्या हॉलमध्ये टाचणाला जागा करायची म्हणजे सोफा उचलून ओसरीवर ठेवायचा, आणि ओसरीवर पाणी येतं. पुढच्या वेळी लहान दुपटं असं करीन. आता तीन थर अंथरून झालेत, मागे फिरत नाही.

अंथरण्याबद्दल लिहिते, कारण गोधडी बिघडते ती इथेच. फरशी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करून घ्यायची. खालचा थर उलटा पसरून चारही कोपऱ्यांवर नारळ ठेवायचे. माझ्याकडे नारळच होते, चवथीचे आणलेले. मग आतले थर एकेक, प्रत्येक वेळी मधून कडेकडे हात फिरवत. शेवटी जोडलेले चौकोन. त्यानंतर लांब कच्चे टाके, मधून सुरू करून बाहेर, ताटाएवढ्या अंतराने आडवे आणि उभे. हे टाके नंतर काढायचेच असतात, म्हणून दोरा वेगळ्या रंगाचा. पिना लावल्या तरी चालतं, पण दमट हवेत साध्या पिना कापडात गंजतात आणि पिवळा डाग राहतो. तो मग कुठल्याही साबणाने जात नाही.

खरा धावदोरा मी हातानेच घालते. मशीनने तीन-चार थर शिवता येतात, पण कापड कडक होतं, अंगावर पडत नाही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, ओळींमध्ये बोटभर अंतर. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, मग गुंता कमी. गाठ वर कधी मारायची नाही, थरांच्या मध्ये ओढून लपवायची. आणि अंगुस्तान घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोदकाची उकड मळता येणार नाही.

---

दिवजां

बाकी सगळं मान्य. पण आबोलीताई, तुमच्या फोटोत डाव्या बाजूला लाल-पांढऱ्या चौकडीचं कापड दिसतंय. ती जुनी कुणबी साडी असेल तर कृपा करून कापू नका! हातमागावरची खरी जुनी कुणबी कापडं आता थोड्या घरांत उरलीत. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी कुणबी कापड पुन्हा लोकांपुढे आणलं तेव्हा लोकांना त्याची किंमत कळली. ते २०२० मध्ये गेले, पण कोलवाळला त्यांनी उभं केलेलं गोव्याच्या पेहरावाचं संग्रहालय आहे, वेळ काढून बघा. आजीचं खांद्यावर गाठ मारून नेसायचं आखूड कापड कोणाच्या पेटीत असेल तर ते तसंच राहू द्या.

---

आबोली_डिचोली

नाही हो, ते नवं चौकडीचं कापड आहे, पडद्यासाठी मीटरवर आणलेलं. जुनं एक आहे, सासूबाईंच्या मोलकरणीने त्यांना दिलेलं. ते मलमलीत गुंडाळून ठेवलंय, त्याला हात लावणार नाही. तुझं म्हणणं अगदी पटतं.

पण एक गोष्ट बोलू? पेटीत ठेवून पण कापड मरतं. घडीवर घडी तशीच वर्षानुवर्षं राहिली की नेमकं त्या रेषेत तुटतं. वर्षातून एकदा उघडून घडी बदला, आणि खळ असेल तर धुवून काढून टाका. कसरीला खळ फार आवडते, ती खळीसाठीच येते आणि मग कापडही खाते.

---

मांडवीकाठ (बुधवार)

चौकोन जोडताना माझं मशीन टाके सोडतंय. सरळ जातं, मग एकदम दोन इंच टाकाच नाही. आजीचं पायाचं काळं मशीन आहे. मेकॅनिकला दाखवलं, त्याने 'जुनं झालं, विका' म्हणून सांगितलं. विकायचं नाहीये. कोणी सांगेल?

---

शिंपीदादा_फोंडा

मशीन विकू नका. टाका सुटणं हे दहापैकी नऊ वेळा सुईचं दुखणं असतं. मी सांगतो त्या क्रमाने बघा, एक-एक करत.

सुई बदला. जुनी सुई दिसायला बरी दिसते, पण टोक बोथट झालं किंवा जराशी वाकली की हुक तिच्या फासाला पकडत नाही. काचेवर सपाट ठेवून बघा, मध्ये फट दिसली तर फेकून द्या. पातळ लुगड्याला १४ नंबर, दोन-तीन थर असतील तर १६, जाड काठ किंवा डेनिमला १८. पातळ कापडाला १८ ची सुई घातली तर भोकं पडतात, जाडाला १४ ची घातली तर सुई वाकते.

सुई नीट बसली का बघा. वर शेवटपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळायचा. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते आणि दुसरीकडे सपाट भाग. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. आजीच्या मशीनवर कोणी उलटी सुई लावून दोरा उलट्या बाजूने ओवला असेल तर टाका पडणारच नाही, मशीन कितीही चांगलं असो.

मग दोरा. मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलून दोरा ओवा. पाय खाली असेल तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे जमत असतील तर दोष वरच्या दोऱ्यात आहे, बॉबिनमध्ये नाही. लोक उगाच बॉबिनचा स्क्रू फिरवत बसतात आणि आधी बरोबर असलेलं बिघडवतात.

पट्टा. पावसात चामड्याचा पट्टा ओल धरून लांबतो, मग चाक फिरतं पण मशीन अडखळतं. पिन काढून अर्धा इंच कापायचा, पुन्हा भोक पाडून जोडायचा. पाऊस संपल्यावर घट्ट वाटला तर काही बिघडत नाही, थोड्या दिवसांत बसतो.

तेल फक्त मशीनचंच घाला. खोबरेल कधीही नको! गोव्यात घरोघरी हेच करतात, दोन दिवस मशीन मऊ चालतं आणि नंतर ते तेल चिकट होऊन सगळे सांधे धरतं. खोबरेल आधीच घातलं असेल तर दात आणि शटलचा भाग ब्रशने साफ करा, रॉकेलचं फडकं फिरवा, पूर्ण वाळू द्या, मग मशीनचं तेल. तेल घातल्यावर जुन्या फडक्यावर शिवत राहा, डाग पडायचे बंद होईपर्यंत.

एवढं करूनही सुटत असेल तर शटलची वेळ, म्हणजे सुईशी त्याचा मेळ, सरकली असेल. तेव्हा चांगला कारागीर हवा.

---

मांडवीकाठ

सुई उलटीच होती! आता सपासप चाललंय. शिंपीदादा, तुम्हाला चवथीचे नेवरे पोचवायला हवेत.

---

शिंपीदादा_फोंडा

पत्ता देणार नाही, पण नेवऱ्यांना नाही म्हणत नाही.

---

आबोली_डिचोली (बुधवार, रात्री)

पडदा झाला. मखर चार फूट रुंद, म्हणून कापड आठ फूट घेतलं. दुप्पट घेतलं तरच चुण्या भरीव दिसतात, दीडपट घेतलं की दरिद्री. वर दोरीची नेफ्याची पट्टी, खाली तीन इंचांची दुमड, म्हणजे पडदा वजनाने सरळ पडतो. लाल-पांढरी चौकडी आणि लुगड्याचा उसवलेला जरीकाठ खाली आडवा लावला. मूर्तीच्या मागे गडद रंग असला की शाडूची मूर्ती उठून दिसते.

सुतीच लावा, हे पुन्हा सांगते. गेली काही वर्षं चमकदार साटिनचे आणि जाळीचे पडदे फार दिसतात. पुढे समई आणि निरांजन असतं. सिंथेटिक कापड पेटलं की वितळून चिकटतं. सुती पडदा असला तरी ज्योतीपासून हातभर लांब, आणि खालचा काठ वाऱ्याने पुढे येऊ नये म्हणून दोन बाजूंना दोरीने बांधून.

आमच्याकडे मूर्ती असते, पण नणंदेच्या सासरी कागदावरचा गणपती पुजतात, पिढ्यान् पिढ्या. गोव्यातल्या बऱ्याच घरांत आहे तसं. त्यांनी या वर्षी कागदाला नवी चौकट केली आणि मागे घालायला मला मऊ अस्तर शिवायला सांगितलं. धुतलेलं, बिनखळीचं पांढरं सुती कापड, आणखी काही नाही. कागदाजवळ रंगीत कापड नको, पावसात रंग उतरतो.

---

फोंडेकर_काकू (गुरुवार)

आता ते माटोळीचं. आबोली, तू बोलली होतीस भांडू म्हणून, तर आले मी. कापडाची फळं माटोळीला बांधणार? माटोळी म्हणजे त्या ऋतूत रानात आणि परसात जे पिकतं ते देवाच्या डोक्यावर टांगायचं. सुपारीचं शिपटं (घोस), लिंबाच्या जातीचं तोरिंगण, आंबाडे, चिबूड, कवंडळ, कांगला. पोरं तेवढ्यानिमित्ताने रानातल्या वेली ओळखायला शिकतात. कापडाचा चिबूड बघून काय ओळखणार?

---

आबोली_डिचोली

काकू, आमच्या घरची माटोळी खरीच बांधणार, त्यात एकही चिंधी जाणार नाही. कापडाची आहे ती थोरलीसाठी. ती बंगळुरात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. गेल्या चवथीला तिने माटोळीला सफरचंद आणि किवी बांधला. फोटो पाठवला तेव्हा मी काही बोलले नाही, पण मनातून...

---

फोंडेकर_काकू

किवी? देवा! मग कापडाचंच कर बाई. पण शेजारी एक खरा नारळ आणि खरं केळं असू दे, तिथे मिळतं ते. आणि बघ, ती फळं आकाराने, रंगाने हुबेहूब कर, म्हणजे नातीला नावं तरी कळतील.

---

दिवजां

मला वाटतं खऱ्या माटोळीबद्दलही बोलायला हवं. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं दर वर्षी माटोळी स्पर्धा घेतं, चांगलं काम आहे. लोकांना जुन्या वनस्पती पुन्हा माहीत झाल्या. पण माझ्या डोळ्यांदेखत काही जण बक्षिसाच्या नादात वेली मुळासकट ओढून आणतात. चार फळं पुरे असताना चाळीस. शेवटी विसर्जनानंतर सगळं नदीत. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी फक्त दिसेल ते, थोडं, आणि वेल तशीच ठेवून.

---

हल्याळची_पाहुणी

+१. आबोलीताई, तोरिंगण कसं केलं ते लिहा. मी आत्ताच पिवळा फेल्ट आणला.

---

आबोली_डिचोली (शुक्रवार)

तोरिंगण सगळ्यात चांगलं उतरलं, म्हणून सविस्तर.

चार इंच जाडीचं फळ धरलं तर घेर साडेबारा इंच. सहा पाकळ्या केल्या की प्रत्येकीची मधली रुंदी दोन इंचांहून थोडी जास्त, त्यात दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाई, म्हणजे साधारण २.६ इंच. लांबी घेराच्या अर्धी, सव्वासहा इंच, अधिक टोकांना पाव-पाव. कागदावर होडीच्या आकाराची पाकळी काढ, दोन्ही टोकं निमुळती, आणि मधला भाग हळूहळू रुंद. मला ते थोडं लांबोडकं हवं होतं, म्हणून मी पाकळी सात इंचांची केली, बाकी तेच.

पाकळ्या उलट्या बाजूने जोडत जा. शेवटची शिवण अर्धीच ठेव, त्यातून उलटव. आत कापूस नको, गोधडीच्या कातरणाचे बारीक तुकडे भर, घट्ट. मोकळी शिवण बंद कर. आता गंमत: साल गुळगुळीत न दिसता थोडी खरबरीत दिसायला हवी. जाड पिवळ्या दोऱ्याने वरून चिमटीत थोडं कापड धरून आरपार टाका घाल आणि ओढून गाठ मार. असं जागोजाग, ओळीत नाही. मग ते फळ तोरिंगण दिसायला लागतं, तोवर ते नुसतं लिंबू दिसतं. देठाला हिरव्या कापडाची गुंडाळी.

सुपारीचं शिपटं सोपं आहे पण वेळखाऊ. नारिंगी कापडाचे दोन इंचांचे गोल कापायचे, कडेने धावदोरा घालून आवळायचे, आत चिमूटभर चिंधी. असे गोळे जाड दोरीच्या गुच्छावर शिवत जायचं, वर दाट, खाली विरळ. कवंडळाला लाल कापड आणि त्यावर नारिंगी दोऱ्याच्या उभ्या रेषा. आंबाडे हिरवे, लहान, घोसात. चिबूड मी सोडून दिला, एवढं मोठं फळ टांगलं की दोरी खाली येते.

सगळं वेताच्या चौकटीवर बांधून दिलंय, दोन फूट बाय दीड. तिच्या बाल्कनीच्या दारावर मावेल असं.

---

काजूबी (शनिवार)

माझे चौकोन जोडून झाले! पण एक अडचण. घरात इतकी ओल आहे की कापड हाताला गार लागतं, एका कोपऱ्यात काळे ठिपके आलेत. बुरशी का? काय करू?

---

फोंडेकर_काकू

बुरशीच. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, मग दुसरं काय येणार. नवे ठिपके असतील तर आधी बाहेर झटक, घरात नको. मग पांढरं कापड असेल तर लिंबू-मीठ लावून, पाऊस उघडेल तेव्हा उन्हात. रंगीत असेल तर लिंबू जपून, आधी कोपऱ्यावर बघ. जुना ठिपका जात नाही, त्यावर ठिगळ लाव किंवा तो चौकोन बदल.

काम चालू असताना गोधडी रात्री गुंडाळून कपाटात ठेवू नकोस. खुर्चीच्या पाठीवर पसरून पंख्याखाली ठेव. कपाटात कडुलिंबाची वाळलेली पानं आणि वेखंडाची पुरचुंडी. आमच्या आईच्या वेळेस निखाऱ्यावर धूप घालून त्या धुरावर कपडे पसरायचे, पावसाळ्यात दर आठवड्याला. धुराचा वास यायचा, पण बुरशी नाही यायची.

---

आबोली_डिचोली (रविवार)

काकू बरोबर सांगतायत. माझीही गोधडी रात्री पंख्याखालीच असते.

आज मगजी, म्हणजे काठाची पट्टी, लावली. काठ बंद करायचे दोन मार्ग. खालचा थर दोन इंच मोठा ठेवून तोच वर दुमडणे, हे पटकन होतं. पण गोधडी सगळ्यात आधी काठालाच फाटते, आणि मग खालचा अख्खा थर गेला. म्हणून मी वेगळी पट्टी लावते, अडीच इंच रुंद, दुहेरी दुमडून. सरळ काठाला पट्टी सरळ धाग्यात कापली तरी चालते, गोलाई असेल तरच उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, हवी. आधी वरून मशीनने, मग पट्टी मागे वळवून हाताने तुरपाई.

कोपऱ्याशी पाव इंच अलीकडे थांबायचं, दोरा तोडायचा, पट्टी सरळ वर दुमडायची, मग परत खाली, आणि काठापासून शिवण पुन्हा सुरू. मागे वळवल्यावर तिरकी घडी आपोआप येते. गोधडीच्या एका कोपऱ्यात हल्याळच्या पाहुणीच्या मानाने फुलाही शिवली, चारही नाही, एकच. सासूबाईंना दाखवली, त्या म्हणाल्या, 'हें किते गो, उशीर जाला तरी बरें.'

काजूबी, वजन विचारत होतीस मेसेजमध्ये. चार थरांची, दोघांच्या मापाची, दीड ते दोन किलोच्या मध्ये. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नको, निदान पहिली दोन धुणी हाताने, टपात पायाने तुडवून. पिळायची नाही, दोघांनी धरून दोरीवर दुहेरी टाकायची. आणि धावदोऱ्याची टोकं दर धुण्यानंतर बघ, एखादं सुटलं तर लगेच शिव.

---

तेरेखोल

बायकोने आमच्या घरातली ऑनलाइनची रजई उचलून माळ्यावर ठेवली आहे, आणि आता सासऱ्यांच्या धोतरांकडे बघते आहे. धोतराचे किती थर निघतात, कोणी सांगेल का?

---

शिंपीदादा_फोंडा

धोतर साडेचार मीटरचं, पन्हा ४५-५०. आडवे दोन तुकडे केले की सव्वादोन मीटरचे दोन, म्हणजे एकेरी गोधडीचे दोन अरुंद थर, किंवा शेजारी जोडून दुहेरीचा एक. पातळ मलमलीचं असेल तर आतच घाला, वरच्या थराला टिकणार नाही. आणि काठ काढा, पण फेकू नका, मगजीला उत्तम.

---

तेरेखोल

सांगतो तिला. सासरे सध्या धोतरं कुलपात ठेवतायत.